पदार्थ पहिल्यांदा कोणाकडून मिळाला?

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. लोक कसली कसली नशा करतात ते मोजायला मला वर्षभर गावोगाव धाडलं होतं, आणि त्याच वर्षात एका धडधाकट, निर्व्यसनी माणसाला नशा मी लावली. फावल्या वेळात नाही, कामावर असताना.

सर्वेक्षण मोठं होतं. पाच-सहा देशांत एकाच वेळी चाललेलं. बर्फाच्या डोंगरापासून समुद्रातल्या बेटापर्यंत सगळ्यांना एकच प्रश्नावली. त्यात कुठंतरी कोपऱ्यात हिंगोली जिल्हा, त्यात सेनगाव तालुका, त्यात पुसेगावच्या आसपासची चार गावं, आणि त्या चार गावांत मोटारसायकलवर मी. दर तीन महिन्यांनी त्याच घरी जायचं, तेच प्रश्न विचारायचे. म्हणजे नशा वाढली का घटली, दारूवरून गोळ्यांवर सरकली का, ते कळतं. हवामानखातं पावसाचा अंदाज देतं तसं हे, असं प्रशिक्षणात आमच्या मॅडमनी सांगितलं. आमच्याकडे पावसाचे अंदाज किती खरे ठरतात ते त्यांना माहीत नसावं.

मॅडम मोठ्या शहरातल्या, तिशीच्या, हुशार. त्यांनी शिकवलं, चेहरा तटस्थ ठेवा. समोरचा म्हणाला मी रोज गांजा ओढतो, तरी भुवई हलता कामा नये. माझी भुवई तशीही हलत नाही. बायको म्हणते, बारशाला आणि मयतीला तुमचं तोंड सारखंच असतं. पंचेचाळिशी ओलांडल्यावर त्या तोंडाला पहिल्यांदा नोकरी लागली.

दुसरा नियम असा की ज्याला प्रश्न विचारायचे त्याला काही द्यायचं नाही आणि त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. चहासुद्धा नाही. हा नियम ज्यानं केला तो आमच्या भागात कोणाच्या ओट्यावर कधी टेकला नसणार. आमच्याकडे अनोळखी माणूस दारात आला की आधी खिशातून पुडी काढतो. डाव्या तळहातावर तंबाखू, नखावर चुना, अंगठ्यानं मळायचं, दोन थापट्या मारून भुकटी उडवायची, आणि स्वतःच्या तोंडाआधी हात समोरच्यापुढे करायचा. त्यानं चिमूट उचलली की तुम्ही पाहुणे. नाही उचलली तर तुम्ही वसुलीवाले, आणि वसुलीवाल्याला कोणी खरं सांगत नाही.

मग मी तसंच करायचो. तंबाखू मळायचो, चिमूट द्यायचो आणि मोबाईल उघडून वाचायचो : आपण तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन करता का? समोरचा चिमूट ओठाखाली सरकवायचा, लाळ सांडू नये म्हणून हनुवटी वर करायचा आणि म्हणायचा, न्हाई. मी 'नाही' दाबायचो. माझा तंबाखू त्याच्या तोंडात, त्याचं खोटं माझ्या मोबाईलात. दोघांचीही तक्रार नव्हती.

आमच्याजवळ चित्रांचं एक कार्ड होतं, प्लॅस्टिक लावलेलं. त्यावर सगळ्या नशांचे फोटो, म्हणजे अडाण्यालाही बोट ठेवता यावं. गावात त्या कार्डाला फार मान मिळाला. एका आजीनं गांजाच्या फोटोवर बोट ठेवून, हे तर आमच्या परसात उगवते, नेता का थोडं, असं विचारलं. एका म्हाताऱ्यानं कुठल्यातरी परदेशी पांढऱ्या पावडरीचा फोटो डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिला आणि हे हिंगोलीत कुठं भेटते ते मलाच विचारलं. पानटपरीवाला तर म्हणाला, सायेब, हे कार्ड टपरीवर लावून जा, गिऱ्हाइकाला निवडायला बरं.

प्रश्नावलीत शब्द होता 'मनोरंजनाकरिता'. गेल्या तीस दिवसांत आपण मनोरंजनाकरिता खालीलपैकी कशाचे सेवन केले? चार गावांत मला मनोरंजनाकरिता काही घेणारा माणूस भेटला नाही. कोणी कंबर दुखते म्हणून घेत होतं, कोणी झोप लागत नाही म्हणून, कोणी घरात सारखी कटकट म्हणून. मनोरंजन म्हणून लोक फक्त आमचं कार्ड बघत होते.

आता माझं सांगतो. यादीत अकरावा प्रश्न होता, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा. त्यातली एक गोळी तेव्हा रोज माझ्या पोटात असायची. रस्त्यांच्या खड्ड्यांनी पाठीचा मणका धरला होता. हिंगोलीतल्या एका दुकानदारानं, ज्याचं नाव मी इथं घेणार नाही, एक पाकीट पुढे सरकवलं. गोळी घेतली की दुखणं थांबायचंच, पण वर डोक्यात एक मऊ मऊ काहीतरी पसरायचं. खड्डेसुद्धा ओळखीचे वाटायचे. दोन महिन्यांत दुखणं गेलं, गोळी राहिली. मी अकरावा प्रश्न रोज दहा घरी मोठ्यानं वाचत होतो, आणि भुवई हलत नव्हती.

त्याच हिवाळ्यात तो मेंढपाळ माझ्या यादीत आला. त्याला मी दादा म्हणायचो. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठा, उंच, वाळका, गळ्यात तुळशीची माळ. सोयाबीन निघालेल्या एका रानात खतासाठी त्याची मेंढरं बसवलेली होती. तो काठीवर सगळा भार टाकून एका पायावर उभा होता. दुसरा गुडघा सुजून डेऱ्यासारखा झालेला. बायको लांब, जाळीत कोंडलेल्या कोकरांपाशी.

मी सवयीनं तंबाखू मळला आणि हात पुढे केला. त्यानं नुसतं माळेला बोट लावलं. माळकरी. तंबाखू नाही, दारू नाही, मटण नाही. मेंढरं राखून मटण न खाणारा माणूस मी तरी पहिल्यांदा पाहिला. माझा हात मात्र तसाच हवेत राहिला. तुम्हाला वाटेल यात काय एवढं. पण पुढे केलेला हात रिकामा मागे घेणं आमच्यात जमत नाही, माणूस ओशाळतो. त्याला काहीतरी द्यायलाच पाहिजे असं मला झालं. मग माझी नजर त्याच्या गुडघ्यावर गेली आणि दुसरा हात आपोआप शर्टाच्या वरच्या खिशात गेला. पाकिटातल्या दोन गोळ्या तोडून मी त्याच्या हातावर ठेवल्या.

तो म्हणाला, "ह्ये नशापानी न्हाई ना, सायेब?"

"औषध आहे," मी म्हणालो.

त्यानं एक गिळली, एक कमरेला खोचली आणि माझे सगळे प्रश्न उभ्या उभ्या ऐकून घेतले. पहिल्यापासून शेवटपर्यंत नाही, नाही, नाही. पुढल्या ऑनलाइन बैठकीत मॅडमनी त्याची नोंद सगळ्यांना दाखवली. पाहा, किती व्यवस्थित भरली आहे, एकही रकाना सुटलेला नाही.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. ती गोळी चांगली होती, रात्रभर झोपलो, अजून असली तर बघा. मी त्या बाजूला जाणारच होतो. अख्खं पाकीट दिलं. पुढच्या वेळी दोन. मग माझंच जाणं होईना तेव्हा त्याला हिंगोलीतलं ते दुकान सांगितलं, वर म्हणालो, माझं नाव सांगा, देईल. एका देवभोळ्या माणसाला मी दुकानदाराकडे शिफारस करून पाठवलं, जशी पोराला नोकरीला चिकटवायला करतात.

दुसऱ्या फेरीला तो सिद्धेश्वर धरणाच्या कडेला होता. पाणी मागे हटलं की तिथं हिरवा चारा उघडा पडतो, तिकडं मेंढरं नेलेली. काठी खांद्यावर टाकून तो पोरासारखा चालत आला. गुडघ्याचं नाव नाही. आग्रह करकरून मला भाकरी, लसणाची चटणी आणि मेंढीच्या दुधाचा चहा दिला. चहासुद्धा नाही, हा नियम मी एव्हाना विसरलो होतो. अकरावा प्रश्न वाचला तेव्हा दोघंही पाण्याकडे बघत होतो. ते तर आवशीद हाय, तो म्हणाला. मीही 'नाही' दाबलं. प्रश्न चिठ्ठीशिवाय घेतलेल्या गोळ्यांचाच होता आणि चिठ्ठी दोघांकडेही नव्हती, पण इतकं बारीक कोण बघतो.

तिसऱ्या फेरीला आषाढ लागला होता. मेंढरं गावी परतली होती. मी गेलो तेव्हा भरदिवसा दादा बाभळीखाली आडवा, आणि मेंढरं शेजाऱ्याच्या कोवळ्या तुरीत. शेजारी बांधावर उभा राहून बोलत होता. कमी बोलत होता हे विशेष. माळकऱ्याला शिव्या कशा द्यायच्या ते त्याला सुचत नसावं. दादाला उठवून बसवलं. त्यानं ओठ ओले केले, माळ सारखी केली आणि माझ्या सगळ्या प्रश्नांना पुन्हा नाही म्हटलं. जीभ जड झालेली.

मी गाडीपाशी आलो तर मागोमाग त्याची बायको. मी तिला वैनी म्हणायचो, ती मला भाऊ. तोवर आमचं बोलणं चहा, भाकरी आणि पावसाच्या पलीकडे गेलं नव्हतं. तिनं आधी मागे वळून पाहिलं.

"भाऊ, त्याच्यात व्हय लिवा."

"कशात?"

"गोळ्यात. सकाळी गोळी न्हाई भेटली तर हातपाय कापून राहिलेत त्यांचे. घाम फुटते. माळ घातलेला माणूस, कोनापाशी तोंड उघडावं म्या? तुमच्या मोबाईलात लिवलं की दवाखान्याचा रस्ता भेटते म्हनतेत."

ते खरं होतं. एका जरी प्रश्नाला 'होय' आलं तर शेवटी उपचारांची माहिती उघडायची, कुठं जायचं, कोणाला भेटायचं. सगळं 'नाही' असेल तर मोबाईल नुसता धन्यवाद म्हणायचा. मी अकराव्या प्रश्नावर 'होय' दाबलं. लगेच खाली पुढचा प्रश्न आला : पदार्थ पहिल्यांदा कोणाकडून मिळाला? मित्र, नातेवाईक, दुकानदार, अनोळखी व्यक्ती, इतर.

मी कशाला वाचावा तो? पण वर्षभराची सवय. मी मोठ्यानं वाचला.

"दुसरं कोन देनार?" ती म्हणाली. "माझा भाऊच. टरक चालवते त्यो. कनेरगाव नाक्यावर ढाब्यावर पडलेला असते. डायवर लोकं खातेतच असलं. तोच आला होता थंडीत, दाजीचा गुडघा बघायला. तवापासून म्या त्याच्याशी बोलनं टाकलं."

मी म्हणालो, "असंल."

एवढंच. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तो शब्द काहीच नव्हता. पण मी नशेचं मोजमाप करणारा सायेब. गावोगाव फिरतो, सगळ्यांचं सगळं मला माहीत, असा तिचा समज. माझं 'असंल' म्हणजे तिच्या लेखी शिक्का बसला.

आणि मोबाईलचं काय केलं तेही सांगून टाकतो. 'नातेवाईक' दाबायला बोट धजेना. 'इतर' दाबलं तर पुढे रिकामी चौकट येते, तपशील लिहा म्हणते. तेव्हा मागे गेलो, 'होय'चं 'नाही' केलं. खोटं लिहायची लाज वाटली म्हणून त्याहून मोठं खोटं लिहिलं. मोबाईलनं माझे आभार मानले. वैनीला मी सांगितलं, लिहिलं, दवाखान्याचं बघतो.

बघितलं मात्र. त्या आठवड्यात मी मोबाईल घरी ठेवून गेलो आणि दादाला मागं बसवून हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, थंडीपासून. कोणी दिली? तो गुडघा चोळू लागला. डॉक्टरांनीही ओढून धरलं नाही, कमी कमी करत न्यायचं औषध लिहून दिलं. दादा बाहेर गेल्यावर मी दार लोटलं आणि माझ्यासाठीही तेच मागितलं. डॉक्टरांनी नुसता पेन पुन्हा उघडला. तटस्थ चेहरा म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळलं.

बाकावर बसून मी दादाला विचारलं, वैनीला खरं सांगितलं का नाही.

तो म्हणाला, "तुमचं नाव म्या घेतलं न्हाई. घेनार बी न्हाई. तुमी माझ्या पालावर भाकरी खाल्ली."

"आणि मेव्हण्याचं?"

"मेव्हना घरचा हाय. घरच्यावर आलेलं घरात जिरते. तुमच्यावर आलं तर नोकरी जाईल तुमची."

माळ घालणारा माणूस माझ्यासाठी बायकोशी खोटं बोलत होता, आणि मी त्याला समोरच्या टपरीवरून चहा आणला. साखर जास्त टाकायला सांगितली. एवढं प्रायश्चित्त मला तेव्हा पुरेसं वाटलं.

गोळी सोडायचे दोन-अडीच महिने काही शोभेचे नव्हते. मांड्यांत मुंग्या, नाकाला धार, बायकोवर विनाकारण खेकसणं. तिला वाटलं साखर झाली. दादाचा सकाळी फोन यायचा, आज किती, म्हणून. मी खरं सांगायचो, तोही सांगायचा. दोन बाप्ये पोरांसारखे एकमेकांचा गृहपाठ तपासत होते. वर्षभरात मला मिळालेली खरी माहिती म्हणाल तर तेवढीच, आणि ती कुठल्याच रकान्यात गेली नाही.

चौथी फेरी दिवाळीत धरायची असं वरून ठरलं, कारण तेव्हा सगळे घरी असतात. त्यांच्या गावची वेळ नेमकी भाऊबीजेला आली. गावाबाहेरच्या पुलावर एक माणूस बसला होता. धुतलेला शर्ट, पायाशी पिशवी, पिशवीतून साडीचा खोका डोकावत होता. मी रस्ता विचारायच्या निमित्तानं थांबलो, म्हणजे रस्ता मला माहीत होता. हा वैनीचा भाऊ असणार, हे साडी बघूनच मी ओळखलं होतं. तंबाखू मळून हात पुढे केला, त्यानं चिमूट घेतली आणि बोलू लागला. बहीण दारात उभं करत नाही. राखीलाही परत लावलं. मी दाजीला गोळ्या खायला शिकवल्या म्हणते.

"म्या आठ दिसाला घरी येनारा माणूस," तो म्हणाला. "थंडीत गेलो व्हतो, पन गुडघ्याला लावायचं तेल घेऊन. गोळी म्या बघितली बी न्हाई. तिला कोन सांगितलं असंल काय माहीत." मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघून म्हणाला, "तुमी तिच्याकडंच चालले ना? तुमचं ऐकते ती. तुमीच एक शब्द टाका की."

मी टाकतो म्हणालो.

घरी दादा ओट्यावर बसला होता. अंगावर थोडं मांस आलं होतं, डोळे निवळलेले. प्रश्न दहा मिनिटांत उरकले. अकराव्याला तो नाही म्हणाला, आणि वर्षात पहिल्यांदा ते खरं होतं. मी पुलावरच्या माणसाचं काढणार, तोच वैनी ताट घेऊन आली. निरांजन, कुंकू, सुपारी. तिनं पाट मांडला.

"बसा, भाऊ. तुमी दवाखान्यात नेलं म्हून माझं घर ऱ्हायलं. सख्ख्यानं जे केलं ते केलं. आता माझा भाऊ तुमी."

मी दादाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. तेव्हा बोलायचं होतं. त्याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. टोपी नव्हती म्हणून मी डोक्यावर रुमाल ठेवला आणि पाटावर बसलो. तिनं कुंकू लावलं, ओवाळलं, करंजी भरवली. करंजी चांगली झाली होती. हेही सांगायलाच पाहिजे, कारण मी दुसरी मागून घेतली.

परतताना पुलावर तो उठून उभा राहिला. माझ्या कपाळावरचं कुंकू त्याला दिसलंच असणार. तरी त्यानं विचारलं ते एवढंच, काय म्हनली? मी म्हणालो, आज न्हाई म्हणते, थोडं निवू द्या. हे तिनं म्हटलेलंच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. त्यानं पिशवी माझ्या हातात दिली, साडी तरी पोचवा म्हणाला. मी ती घेतली नाही. तेवढी एक गोष्ट मी घेतली नाही.

सर्वेक्षण संपलं. शेवटच्या बैठकीत पडद्यावर अख्ख्या प्रदेशाचा नकाशा आला. जिथं नशा जास्त तिथं गडद, जिथं कमी तिथं फिका. कुठला तरी समुद्रकिनारा काळाकुट्ट होता आणि सगळे त्याबद्दल हळहळत होते. आमचा तुकडा जवळजवळ पांढरा. मॅडम म्हणाल्या, इथं संस्कृती अजून टिकून आहे. मी माईक बंद ठेवला.

दादाची मेंढरं यंदाही धरणाकडे जाऊन आली. त्याचा फोन येतो, गुडघा दुखतो म्हणतो, आणि वर तोच दुखू द्या म्हणतो. वैनी मागून विचारते, भाऊ कसे आहेत. तिचा भाऊ नाक्यावर मला दोनदा दिसला. पहिल्यांदा त्यानं हात केला, दुसऱ्यांदा नाही. तिला सांगितलं तर ती ओवाळलेलं परत मागणार नाही, तशी रीत नाही. पण माझ्याकडे कशी बघेल ते मला माहीत आहे, आणि एवढ्याच कारणासाठी मी आजवर गेलो नाही. दुसरं कारण शोधून पाहिलं, नाही सापडलं.

तिच्या भावानं काही केलं नव्हतं, पहिली गोळी मी दिली. हे तिच्या दारात उभं राहून तिला सांगणं मी अजून देणं लागतो.